मियांची सायकल आणि माझा गुडघा

उजवा पाय मोडला तेव्हा मी झोपलेलो होतो, ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच कागदावर कबूल करतोय. माजलगावला सरकी घालून रिकामी गाडी घेऊन भर दुपारी परत निघालो होतो. पोटात बाजारातली भजी, डोक्यावर ऊन, आणि बैल घरची वाट ओळखणारे. मला वाटलं, आपण जागं राहून तरी काय उजेड पाडणार? सिंदफणा नदीच्या उतारावर गाडीनं धोंड्यावर उसळी खाल्ली, मी खाली आलो आणि चाक माझ्या गुडघ्यावरून गेलं. बैल इमानदार; ते न थांबता घरी गेले आणि दावणीशी जाऊन उभे राहिले. रिकामी गाडी बघून दादा, म्हणजे माझे वडील, उलट्या पावली पळत नदीवर आले आणि सतरा-अठरा वर्षांच्या घोड्याला पाठुंगळी मारून घरी घेऊन गेले. तोवर मी विव्हळता विव्हळता एक रानडुक्कर तयार करून ठेवलं होतं. डुक्कर आडवं आलं, बैल बुजले, मी पडलो. पहिल्या दिवशी ते डुक्कर साधंच होतं. आठवड्याभरात ते वासराएवढं झालं आणि त्याला सुळेही फुटले. गावानं विश्वास ठेवला. दादांनी फक्त एकदा विचारलं, लई मोठं हुतं का? मी म्हणालो, लई. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

हाड बसवायला बाजीबा धनगर आला. आमच्या गावापासून उतारानं खाली गेलं की धनगरांची वाडी लागायची, तिथला हा. मेंढरांचे मोडलेले पाय बसवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता, आणि माणूस हे जरा आरडाओरडा करणारं मेंढरू आहे असं त्याचं मत होतं. त्यानं माझा पाय चाचपला, ओढला, मी किंचाळलो, तो म्हणाला, "मेंढरू बी एवढं वरडत न्हाई बे." मग त्यानं बांबूच्या कामट्या मागितल्या, उडदाचं पीठ मागितलं आणि चार अंडी मागितली. अंडी म्हटल्याबरोबर मायनं आतल्या दाराकडं बघितलं.

आमच्या घरात दादांची थोरली बहीण, आमची आत्या, राहायची. गळ्यात माळ, जिभेवर विळा. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घराचा सगळा कारभार तिच्याच शब्दानं चालायचा. माझी माय तिच्यापुढं मोठ्यानं शिंकायचीही नाही. आत्यानं सांगितलं, अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. बाजीबानं सांगितलं, अंड्याबिगर हाड धरणार नाही. दादा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी तोडगा आत्यानंच काढला. पोरगं आत, पाय बाहेर. झालं! माजघराच्या दारात माझं अंथरूण आडवं पडलं. कमरेपासून वरचा मी घरात आणि लेप लावलेला पाय ओसरीवर. तीन महिने मी त्या उंबऱ्यावर काढले. येणारा-जाणारा माझ्या पायाला अडखळायचा आणि मलाच शिव्या द्यायचा. शेजाऱ्यांची एक कोंबडी रोज येऊन त्या पायाकडं मान वाकडी करून बघत उभी राहायची. आतून मात्र मला भाकरी थापल्याचा आवाज यायचा, जवसाच्या चटणीचा वास यायचा, आणि जात्यावर बसून आत्या कुणाकुणाचा उद्धार करतेय ते सगळं कानावर पडायचं. गावची इतकी माहिती मला पुन्हा आयुष्यात कधी मिळाली नाही.

मृग जवळ आला तेव्हा बाजीबानं कामट्या सोडल्या. हाड झकास बसलं होतं. पण गुडघा काही केल्या वाकेना. पाय मुसळासारखा सरळ. आता खुर्च्यांवर बसणाऱ्या माझ्या नातवंडांना यात काय एवढं, असं वाटेल. पण तेव्हाचं आमचं सगळं आयुष्य जमिनीशी होतं. जेवायचं मांडी घालून, धार काढायची उकिडवं बसून, खुरपायचं तेही उकिडवं. मोटेचा नाडा धरून बसायचं ते गुडघे मोडूनच. सकाळी लोटा घेऊन जायचं त्याबद्दल तर मी इथं काही लिहीत नाही, नातसुना वाचतील. ज्याला खाली बसता येत नाही तो शेतकरी कसला? मी पंगतीत धान्य मापायच्या उलट्या पायलीवर बसायचो, पाय लांब करून, आणि वाढणारी माणसं त्या पायाला वळसा घालून पुढं जायची.

तेवढ्यात मायचे भाऊ, आमचे मामा, मोमिनाबादहून मला बघायला आले. मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई. तिथं त्यांचं कापडाचं दुकान होतं. मामा मनानं चांगले, पण त्यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचायचा आणि तो त्याच दिवशी अमलात आणायचा असायचा. ते म्हणाले, गोंदाला माझ्याकडं द्या, गज धरून कापड मोजायचं काम उभ्यानंच असतं, पाय सरळ असला तर उलट बरंच. माय रडायला लागली. आमची काळी जमीन, बैल, नदी सोडून दिवसभर लुगडी उलगडत उभं राहायचं? मी जाणार नाही म्हणालो. मामांनी शांतपणे विचारलं, मग इथं काय करशील? शेवटी ठरलं असं की दिवाळीपर्यंत वाट बघायची. भाऊबीजेला मामा येतील, तोवर मांडी घालता आली तर गोंदा घरी राहील, नाही तर मोमिनाबादला जाईल. दादांनी शब्द दिला. दिलेला शब्द ते मोडत नसत, हे मला माहीत होतं.

मुनीरमियां आमच्या भागात देवीची लस टोचायचे. निजाम सरकारचा माणूस, डोक्यावर लाल टोपी, आणि खाली सायकल. पंचक्रोशीतली ती एकच सायकल. तिची घंटी लांबून ऐकू आली की गावात पळापळ व्हायची. आया पोरांना कणगीत घालायच्या, माळ्यावर चढवायच्या, एक बाई तर आपलं पोरगं दर खेपेला मामाच्या गावाला गेलंय म्हणायची आणि ते पोरगं आतून शिंकायचं. मियां ओसरीवर बसून ताक पीत शांतपणे सगळी पोरं बाहेर येण्याची वाट बघायचे. पावसाळ्यात मात्र सायकलचा उपयोग नसायचा. काळ्या रानाचा चिखल चाकात असा भरायचा की सायकलच मियांच्या खांद्यावर बसायची. म्हणून ते चार महिने तट्टू वापरायचे आणि सायकल कुठंतरी कोरड्यात ठेवायचे. त्या वर्षी त्यांनी ती आमच्या गोठ्यात ठेवली.

माझा पाय बघून मियांनी आपली सदऱ्याची बाही वर केली. कोपरावर एक व्रण होता, तो एका बैलानं दिलेला. हनुवटीवरचा कुत्र्यामुळं. तिसरा व्रण त्यांनी दाखवला नाही, नुसता सांगितला. तिन्ही वेळा याच सायकलवरून पडले होते. मी म्हणालो, मग हिला इतकं पुसता कशाला? मियां म्हणाले, "तीन बार गिराई, मगर हर बार घर तक इसीच पे आया ना." मग माझ्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इसको घुमाव बेटा. घुमाए बगैर ये टांग खुलतीच नै." आणि तट्टावर बसून निघून गेले. जाताना सायकल वापरायची परवानगी दिली की नाही, हे मी मुद्दामच स्पष्ट करून घेतलं नाही.

श्रावणात चांगली उघडीप पडली. गावापासून धनगरवाडीकडं जाणारी वाट मुरमाची होती, ती लवकर वाळायची. मी तिथं सायकल काढली. डावा पाय पायडलवर, उजवा बाहेर ताठ, समोरून येणाऱ्याला आडवा बांबू दिसावा तसा. पहिले आठ दिवस मी सायकलवर कमी आणि बाभळीत जास्त होतो. मग हळूहळू जमलं. उजवा पाय पायडलवर ठेवून अर्धा फेर पुढं, अर्धा मागं, असं करत करत सपाटीला जायचो आणि उताराला नुसतं सोडून द्यायचो. काय सांगू! तीन महिने मी उंबऱ्यावर आडवा होतो, नंतर काठी टेकत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत होतो. त्या उतारावर पहिल्यांदा वारा तोंडावर आला, सदरा फुगला, आणि मला हुंदका फुटला. मोठ्यानं रडत मी ओढ्यापर्यंत गेलो. दोन गुराख्यांनी बघितलं आणि गावात सांगितलं की गोंदाला सायकलनं पळवून नेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. चालताना मी लंगडा होतो, सायकलवर नव्हतो. त्या लोखंडाचे उपकार मी तेव्हाच मानले, अजून मानतो. पुढं मी आयुष्यभर सायकल चालवली, परवापरवापर्यंत चालवत होतो, आणि नातवानं कुलूप लावून किल्ली लपवली म्हणून थांबलो.

आणि मग पोळा आला. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, शिंगांना आणि खुरांना तेल लावायचं, दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणून कानात आवतण द्यायचं. दादा हे काम दुसऱ्या कुणालाही करू देत नसत. त्या वर्षी बैलांचं झाल्यावर त्यांची नजर सायकलवर गेली. ती त्याच दावणीला उभी, त्यांच्याच पोराला वाहून नेणारी. तिला वगळायचं कसं? त्यांनी शीटला लोणी-हळद चोळली. हँडलच्या मुठींना हिंगूळ लावला. घंटीला गोंडा बांधला. मग खाली बसून खुरं शोधली. चाकांच्या दोन्ही बाजूंना रबराची काळी ठोकळी होती, चारच्या चार, अगदी खुरांसारखी. दादांनी चारही खुरांना एरंडेल पाजलं, हातानं चोळून चोळून, आणि उरलेलं चाकाच्या कडांना लावलं. मी तेव्हा मायला उद्याच्या पुरणाची डाळ निवडायला मदत करत होतो. संध्याकाळी ती नटलेली सायकल बघितली आणि मला इतकं बरं वाटलं की ब्रेक कुठले आणि खुरं कुठली याचा विचारच मनात आला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मायनं बाजीबासाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या. मी उतारावर सायकल सोडली. मधल्या वळणावर ब्रेक दाबला. काही नाही. जोरात दाबला. एरंडेलाचा वास आला, एवढंच. सायकल धावतच सुटली, वाडी समोर आली, वाटेवर पोरं खेळत होती, म्हाताऱ्या बसल्या होत्या. लोक बाजूला व्हावेत म्हणून मी जीव खाऊन घंटी वाजवायला लागलो. लोक बाजूला झाले, अगदी झटक्यात झाले. वाडीतलं एकही पोर बाहेर राहिलं नाही. दारं धडाधड लागली, अडसर पडले. मी त्या मोकळ्या वाडीतून सरळ गेलो आणि मेंढ्या कोंडायच्या वाड्याच्या दगडी भिंतीवर आदळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा सायकल माझ्या अंगावर होती, पुरणपोळ्या मेंढ्यांपुढं होत्या, डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला गेला होता आणि तोंडात दोन दात सुटे होते. मी हाका मारल्या. कोणी येईना. सगळी वाडी दारांआड श्वास रोखून बसलेली. बऱ्याच वेळानं एका दाराच्या फटीतून बाजीबाचा आवाज आला, "मियां, आमची समदी पोरं टोचून झाल्यात. म्होरल्या वाडीला जावा."

"बाजीबा, मी गोंदा हाय. मेलो."

जरा वेळ विचार झाला. मग अडसर निघाला आणि तो बाहेर आला. "गोंदा हाय तर घंटी कावून वाजिवली बे?" असं म्हणत त्यानं माझा हात धरून ओढला.

पुन्हा कामट्या, पुन्हा उडीद, पुन्हा अंडी. आत्यानं निकाल दिला, आता पाय आत आणि हात बाहेर. मायनं मात्र या वेळी कधी नव्हे ते तोंड उघडलं. तिनं माझा उजवा हात आपल्या गळ्यावर ठेवून आण घ्यायला लावली की या सायकलवरून मी कुठंही जाणार नाही. मी आण घेतली. बाजीबानं दादांना ओसरीवर नेऊन सांगितलं ते मला ऐकू आलं. गुडघा चार बोटं सुटला होता. आता पोरगं परत निजून राहिलं तर त्याचं लाकूड होईल, मग देव आला तरी वाकवणार नाही. त्या दिवशी दादा जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गोठ्यातून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. दादांनी छपराच्या दोन मेढींच्या मधे सायकल उभी केली, पुढचं चाक आणि दांडी कासऱ्यांनी करकचून बांधली, आणि मागचा कणा दोन दुबेळक्या लाकडांवर असा टेकवला की चाक जमिनीपासून वीतभर वर. मग माझा हात धरून मला तिच्यावर बसवलं. माय धावत आली. पोरानं आण घेतलीय, तुम्हीच मोडायला लावता काय, म्हणाली. दादा म्हणाले, "कुठं जाणार न्हाई अशी आण हाय ना? मग ही कुठं जातीय?" तिनं कासऱ्याच्या गाठी स्वतः ओढून बघितल्या आणि गेली.

दादांनी माझं उजवं पाऊल मऊ फडक्यानं पायडलला बांधलं. शीटवर पोत्याच्या आठ घड्या घातल्या होत्या, म्हणजे मी उंच बसेन आणि गुडघ्याला थोडंच वाकावं लागेल. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बैलाचं जू खांद्यावर बसेपर्यंत त्याखाली चिंधी घालतात आणि दिवसादिवसानं काढतात, त्यातलंच हे. डाव्या पायानं मी पायडल मारलं, उजवा आपोआप वर आला, वर अडला, दादांनी पायडलला हात लावून तो फेर पुरा केला, आणि मी अशी किंकाळी फोडली की खिलाऱ्या बैलानं दावं तोडलं. दादांचा हात पायडलवरून हलला नाही. म्हणाले, आणखी एक.

पहिल्या दिवशी दहा फेर झाले असतील. दुसऱ्या दिवशी वीस. मग रोज सकाळी धारांच्या वेळी आणि संध्याकाळी दिवेलागणीआधी हा कार्यक्रम ठरूनच गेला. दर आठ दिवसांनी दादा एक घडी काढायचे. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात फार वाईट शिव्या द्यायचो. आज लिहिताना लाज वाटते, पण द्यायचो. एका संध्याकाळी अशीच घडी काढून ती हातात धरून ते उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या खुरांना एरंडेल म्या लावलं हुतं. म्हून पडलास."

"ठावं हाय."

"मग बोलला न्हाईस कावून?"

मी म्हणालो, "दादा, ते डुक्कर-बिक्कर काय नव्हतं. मी गाडीवर झोपलो हुतो."

"ठावं हाय," दादा म्हणाले. "चल, फिरव."

मी फिरवलं. मला त्या दिवशी रडू आवरेना, आणि दादांनी ते गुडघ्यामुळं आहे असं समजल्यासारखं केलं. माझ्या वडिलांवर माझं किती प्रेम होतं हे मला त्या गोठ्यात कळलं, आणि तेव्हा बोललो नाही ते आता म्हणतो.

नुसतं फिरवत राहण्याचा मला लवकरच कंटाळा आला. तेव्हा दादांनी हिशेब काढला. आमच्या गाडीचं चाक माजलगावच्या बाजारापर्यंत किती फेर खातं हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि मियांच्या चाकाचे दोन फेर म्हणजे गाडीचा एक, हे त्यांनी दोरीनं मोजून घेतलं. शेजारी सरकीच्या दोन टोपल्या ठेवल्या. शंभर फेर झाले की एक सरकी या टोपलीतून त्या टोपलीत. दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, माजलगाव आलं. मी म्हणालो, मग? ते म्हणाले, मग म्होरं चल, पाथरी. पाथरी झाली, मानवत झालं, परभणी आली. परभणीला दादा कापूस घेऊन जात, त्यामुळं वाटेतलं प्रत्येक झाड ते सांगायचे. इथं विहीर हाय, पाणी पी, आणि खरंच तांब्या पुढं करायचे. नांदेडच्या पुढं ते कधी गेले नव्हते. तिथून पुढं त्यांनी स्वतःच गावं वसवली. एका गावात लोक फार भांडखोर होते, तिथून लवकर फिरवून बाहेर काढलं मला.

गावात बातमी पसरली. लोक गोठ्यात येऊन बसायला लागले. कुठवर आलात, विचारायचे, आणि दादा गंभीरपणे सांगायचे. एक जण तर आपल्या नांदेडच्या सोयऱ्याला निरोप देऊन गेला. आत्याला हा सगळा खुळेपणा वाटायचा, पण एक दिवस तीही टोपली पालथी घालून शेजारी बसली आणि म्हणाली, परळी वाटेत न्हाई का रे? वैजनाथाला जाऊन लई वर्षं झाली. दादांनी तिच्यासाठी दोन दिवसांचा वळसा घेतला. परळी आली म्हटल्यावर तिनं चप्पल काढल्यासारखं केलं, शेणाच्या वासात डोळे मिटून हात जोडले, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. आता बीडला नातवाच्या ओळखीच्या एका डॉक्टरणीकडं मला असल्याच एका न हलणाऱ्या सायकलवर बसवतात. तिच्यावर फेरांचे आकडे आपोआप पडतात. कुठलं गाव आलं ते मात्र ती सांगत नाही.

दसऱ्याच्या आसपास हैदराबाद आलं. दादांनी गूळ वाटला. मला वाटलं, संपलं. दादा म्हणाले, परत कोण येणार? दुसऱ्या दिवसापासून आम्ही उलट निघालो. शीटवर आता तीन घड्या राहिल्या होत्या, मग दोन. नांदेड मागं पडलं. हात केव्हाच बरा झाला होता. रोज फेर झाल्यावर मी गोठ्याच्या भिंतीला धरून खाली बसून बघायचो. गुडघा वाकायचा, पण मांडी पडायची नाही, जमिनीपासून चार बोटं वरच राहायचा. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही परभणीत होतो. एक घडी शिल्लक होती. आणि भाऊबीज दुसऱ्या दिवशी होती.

सकाळीच मामा आले. माझ्यासाठी नवा सदरा आणि टोपी घेऊन आले होते, दुकानात घालायला. मायनं त्यांना ओवाळलं. वाटा वाळल्या होत्या म्हणून मुनीरमियांही त्याच दिवशी सायकल न्यायला आले आणि ओसरीवर टेकले. आत पानं मांडली. मायनं सवयीनं माझ्यासाठी पायली उलटी ठेवली. मी ती बाजूला सरकवली आणि भिंतीला न धरता खाली बसलो. डावा पाय मुडपला. उजवा हातानं ओढून घेतला. चार बोटं. मामा बघत होते. दादा पानातल्या अनारशाकडं बघत होते, जसं काही त्यांनी जन्मात अनारसा पाहिला नव्हता. मी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि सगळा जीव एकवटून दाबला. आत कट्टकन आवाज झाला, तो चुलीपर्यंत गेला असावा, कारण मायच्या हातातून उलथनं पडलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग बघितलं तर गुडघा जमिनीला टेकला होता.

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मामा म्हणाले, चटणी लई तिखट झालीय वाटतं, आणि तो नवा सदरा त्यांनी मुकाट्यानं माझ्या मांडीवर ठेवला. दादा भरल्या पानावरून कधी उठत नसत. त्या दिवशी उठले. गोठ्यात गेले, कासऱ्याच्या गाठी सोडल्या, सायकल दुबेळक्यांवरून खाली घेतली आणि हातानं धरून ओसरीसमोर आणून उभी केली.

"आता न्या मियां," दादा म्हणाले. "आमचं पोरगं घरला पोचलं."

आत्या दारातून म्हणाली, "आरं, काल तर परभणीलाच हुतो आपण." दादांनी तिच्याकडं बघितलंच नाही.

मियां सायकल हातात धरून एकदा माझ्याकडं, एकदा दादांकडं बघत होते. "कहां गया था ये?"

"हैदराबादला," दादा म्हणाले, आणि मियांचं ताट करायला सांगून परत आपल्या पानावर येऊन बसले.